राउटरमागचा राउटर

हिंगोली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावांत आता खांबावरून फायबरची बारीक काळी तार थेट घरात येते. ती जिथून आत शिरते तिथेच, म्हणजे बहुधा पुढच्या खोलीत, नेटवाला आपला पांढरा डबा भिंतीवर ठोकून जातो. या डब्याला ओएनटी म्हणतात. तारेतून आलेल्या प्रकाशाचं तो विजेच्या संकेतांत रूपांतर करतो आणि वायफायही देतो. पण घर जुनं दगडी असो की नवं स्लॅबचं, मागच्या खोलीत आणि माडीवर त्याची रेंज नीट पोचत नाही. नीट परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलीची खोली नेमकी माडीवर असते. मोंढ्यातल्या आडत दुकानात गादी पुढे आणि हिशेबाचा संगणक मागे असतो. मग मालक बाजारातून एक राउटर आणतो, पुढच्या डब्यातून लॅन केबल ओढून त्याला जोडतो, आणि रेंजचा प्रश्न सुटतो.

तेव्हापासून त्या घरात एकामागे एक असे दोन राउटर असतात. दिवे लुकलुकत राहतात, नेट चालू राहतं, आणि मागच्या डब्याकडे वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. या प्रकरणाचा विषय तो मागचा डबा आहे. त्याच्या आतलं फर्मवेअर अद्ययावत ठेवायचं कशासाठी, कोणी, आणि पुढे दुसरा राउटर असताना त्यात नेमकं कुठे अडतं, हे इथे पाहू. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. पुढच्या डब्याकडे लक्ष द्यायला निदान एक कंपनी बांधलेली असते. मागच्या डब्याला तुमच्याशिवाय कोणी नाही.

दोन दारं, दोन वह्या

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. आजही सर्वत्र चालणाऱ्या जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, असे सुमारे ४२९ कोटी पत्तेच होऊ शकतात. ते पुरणार नाहीत हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसू लागलं होतं. त्यावर एक उपाय मे १९९४ मध्ये मांडला गेला: घरातल्या किंवा कार्यालयातल्या सगळ्या यंत्रांनी आतल्या आत खासगी पत्ते वापरायचे आणि बाहेर मात्र सगळ्यांनी मिळून एकच पत्ता दाखवायचा. या पद्धतीला नॅट म्हणतात. १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ या पट्ट्यातले पत्ते १९९४ मध्येच अशा खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे पत्ते वाटून झाले. त्यानंतर या जुन्या पद्धतीत नॅटशिवाय घरगुती इंटरनेट चालवणं जवळपास अशक्यच झालं.

जुन्या वाड्याच्या देवडीवर कारभारी बसला आहे अशी कल्पना करा. आतल्या माणसाने बाहेर चिठ्ठी पाठवली की कारभारी वहीत नोंद करतो: अमुक खोलीतून, अमुक पत्त्यावर. चिठ्ठीवर मात्र तो वाड्याचाच पत्ता घालतो. उत्तर आलं की वही पाहून ते योग्य खोलीत पोचवतो. वहीत नोंद नसलेलं पत्र आलं तर ते दारातूनच परत जातं. राउटर हेच काम सेकंदाला हजारो वेळा करतो. एकामागे एक दोन राउटर लावले की वाड्याला दोन देवड्या, दोन कारभारी आणि दोन वह्या होतात. आतल्या कारभाऱ्याला बाहेरचा कारभारी हेच सगळं जग वाटतं. या रचनेला डबल नॅट म्हणतात.

बऱ्याच कंपन्या आपल्या केंद्रातही हेच करतात आणि अनेक ग्राहकांना मिळून एक सार्वजनिक पत्ता देतात. त्यासाठी १००.६४ ते १००.१२७ हा वेगळा पट्टा २०१२ मध्ये राखला गेला. अशा घरात खरं तर तीन देवड्या झालेल्या असतात.

आपलं घर यात मोडतं का, हे मागच्या राउटरच्या सेटिंगच्या पानावर कळतं. तिथे ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या शीर्षकाखाली बाहेरच्या बाजूचा पत्ता दिलेला असतो. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर पुढे दुसरा राउटर आहे हे जवळपास नक्की. १० ने सुरू होत असेल तर तो पुढच्या डब्याने दिलेला असू शकतो किंवा कंपनीच्या केंद्राने. अशा वेळी दोन डब्यांमधली केबल कुठून कुठे जाते हे डोळ्यांनी पाहणं उत्तम.

डबल नॅटमुळे रोजच्या कामाला बाधा येत नाही. पैसे पाठवणं, व्हिडिओ, ऑनलाइन वर्ग या सगळ्यांची सुरुवात आतून होते, त्यामुळे दोन्ही वह्यांत नोंद पडते आणि उत्तर बरोबर परत येतं. अडचण येते ती बाहेरून आत यायचं असेल तेव्हा. दुकानातल्या सीसीटीव्हीच्या यंत्रापर्यंत बाहेरून थेट पोचायचं असेल तर दोन्ही राउटरांवर वाट करून द्यावी लागते. फर्मवेअरच्या दृष्टीने मात्र यात चांगली बातमी आहे. नवीन आवृत्ती राउटर स्वतः मागवतो, म्हणजे मागणी आतून बाहेर जाते. त्यामुळे पुढे एक राउटर असो की दोन, अपडेट उतरायला तत्त्वतः अडथळा नसतो. प्रत्यक्षात अडथळे येतात ते जोडणीच्या पद्धतीमुळे. त्यांच्याकडे वळण्याआधी हा सगळा खटाटोप कशासाठी, ते पाहू.

फर्मवेअर आणि त्यातली भोकं

राउटर हा एक छोटा संगणकच आहे. त्याला प्रोसेसर असतो, मेमरी असते आणि एक लहानशी फ्लॅश चिप असते. स्वस्त राउटरमध्ये ही चिप ८ किंवा १६ मेगाबाइटची असते, म्हणजे फोनमधल्या दोन-चार फोटोंएवढी. तेवढ्या जागेत एक संपूर्ण कार्यप्रणाली बसवलेली असते. बहुतेक घरगुती राउटरमध्ये ती लिनक्सवर आधारलेली असते. हेच फर्मवेअर. पत्त्यांची वही तेच लिहितं, वायफायचा पासवर्ड तेच तपासतं, कोणत्या संकेतस्थळासाठी कुठे विचारायचं हेही तेच ठरवतं. माणसाने लिहिलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमप्रमाणे त्यातही चुका राहतात. त्या सापडल्या की उत्पादक दुरुस्त आवृत्ती काढतो. ती बसवली नाही तर चूक तशीच राहते आणि आता ती सगळ्यांना ठाऊक झालेली असते.

जुलै २०१७ मध्ये भारतात याचा मोठा धडा मिळाला. बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांचे हजारो मोडेम अचानक बंद पडले. ब्रिकरबॉट नावाचा प्रोग्रॅम इंटरनेटवर असे डबे शोधत फिरत होता. ज्यांचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच होता त्यांत तो शिरायचा आणि आतलं सगळं पुसून टाकायचा. त्यानंतर ग्राहकांनी आपापले पासवर्ड बदलावेत असं आवाहन बीएसएनएलला करावं लागलं. त्याआधीच्या वर्षी, २१ ऑक्टोबर २०१६ रोजी, मिराय नावाच्या प्रोग्रॅमने कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन त्यांच्या जोरावर संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या अमेरिकी कंपनीवर हल्ला चढवला होता. ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळं काही तास अनेकांना उघडता आली नाहीत. मिरायचं हत्यार साधं होतं: कारखान्यात घातलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी.

पासवर्डाइतकंच अपडेटचंही महत्त्व आहे, हे पुढच्या दोन उदाहरणांवरून दिसतं. लाटव्हियातली मायक्रोटिक ही कंपनी राउटर बनवते आणि छोटे इंटरनेट पुरवठादारही तिचे राउटर वापरतात. एप्रिल २०१८ मध्ये तिच्या फर्मवेअरमधली एक गंभीर चूक उघड झाली आणि कंपनीने लगेच दुरुस्ती दिली. तरीही त्याच वर्षीच्या उन्हाळ्यानंतर ब्राझीलमध्ये आणि मग इतर देशांतही लाखांच्या संख्येने मायक्रोटिक राउटर हल्लेखोरांच्या हाती लागले. ग्राहकांच्या संगणकांकडून गुपचूप आभासी चलन तयार करून घेण्यासाठी ते वापरले गेले. दुरुस्ती कित्येक महिने उपलब्ध होती. ती कोणी बसवली नव्हती. टीपी-लिंकच्या आर्चर एएक्स२१ या घरगुती राउटरचंही तसंच झालं. त्यातली चूक डिसेंबर २०२२ मध्ये एका स्पर्धेत संशोधकांनी दाखवून दिली, मार्च २०२३ मध्ये कंपनीने दुरुस्त आवृत्ती काढली आणि एप्रिलमध्ये मिरायची नवी पिलावळ हीच चूक वापरून राउटर गिळू लागली. दुरुस्ती जाहीर झाल्यापासून धोका वाढतो तो असा, कारण दुरुस्तीच चोराला भोक दाखवून देते.

मागे आहे म्हणून सुरक्षित?

इथे एक शंका हमखास निघते. आपला राउटर दुसऱ्या देवडीत आहे. बाहेरून कोणी ठोठावलं तर पहिला कारभारीच त्याला परत पाठवेल. मग मागच्या डब्याची चिंता कशाला?

शंकेत तथ्य आहे. मिराय किंवा ब्रिकरबॉटसारखे बाहेरून सरसकट ठोठावणारे प्रोग्रॅम बहुधा पुढच्या डब्यावरच अडतात. पण आत येण्याच्या वाटा आणखी आहेत. पहिली वाट ब्राउझरची. घरातला फोन मागच्या राउटरच्या वायफायवर असतो. त्या फोनवर एखादं फसवं पान उघडलं तर ते पान ब्राउझरकडूनच राउटरच्या सेटिंगच्या पत्त्यावर आज्ञा पाठवू शकतं. ही आज्ञा आतून येते, त्यामुळे दोन्ही देवड्यांची राखण निरुपयोगी ठरते. २०१८ मध्ये घोस्टडीएनएस नावाच्या मोहिमेत एक लाखाहून अधिक राउटर बिघडवले गेले. त्यातले बहुतेक ब्राझीलमधले होते. त्या मोहिमेची एक शाखा नेमकी ब्राउझरमधून काम करत होती. तिने राउटरमधला डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता कुठे विचारायचा ती नोंद, बदलला की बँकेचं नाव बरोबर टाइप करूनही माणूस नकली पानावर पोचत असे.

दुसरी वाट घरातल्याच बाधित यंत्राची: कुठूनतरी उतरवलेलं ॲप, स्वस्तातला कॅमेरा, पाहुण्याचा फोन. तिसरी वाट हवेतली. मागच्या राउटरचं वायफाय भिंतीपाशी थांबत नाही, ते गल्लीतही पोचतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियममधल्या लुव्हेन विद्यापीठाचे संशोधक माथी व्हानहुफ यांनी डब्ल्यूपीए२ या सुरक्षापद्धतीतला क्रॅक नावाचा दोष जाहीर केला. तो प्रामुख्याने वायफायला जोडून घेणाऱ्या यंत्रांना लागू होता. ज्या घरात दुसरा राउटर केबलशिवाय, रिपीटर म्हणून लावलेला असतो तिथे तो स्वतःच पुढच्या वायफायला जोडून घेणारं यंत्र असतो. म्हणजे दुरुस्तीची गरज नेमकी मागच्याच डब्याला होती.

पुढचा कारभारी काही धोके अडवतो, पण मागच्या कारभाऱ्याची वही तो दुरुस्त करू शकत नाही.

कोणता डबा कोणाचा

पुढचा ओएनटी तुम्ही विकत घेतलेला असला तरी त्याचं नियंत्रण बहुधा कंपनीकडे असतं. २००४ पासून टीआर-०६९ नावाची एक ठरलेली पद्धत आहे; तिच्या आधारे कंपनी आपल्या केंद्रातून ग्राहकाच्या डब्याची सेटिंग आणि फर्मवेअर बदलू शकते. म्हणून पुढच्या डब्यात इंटरनेटवरून शोधलेली फाइल स्वतः टाकू नये. फायबरच्या जोडणीची नोंदणी त्याच डब्यात असते आणि ती बिघडली तर सगळं नेट बंद पडतं. त्या डब्याबद्दल नेटवाल्याला दोन गोष्टी विचाराव्यात: फर्मवेअर चालू आवृत्तीचं आहे का, आणि सेटिंगचा पासवर्ड कारखान्यातलाच राहिलेला नाही ना.

मागच्या डब्याची माहिती मात्र कोणत्याही कंपनीच्या केंद्रात नसते. नेटवाला त्याला हात लावणार नाही. विकून झाल्यावर दुकानदाराचा संबंध संपला. काही राउटर आपोआप अपडेट घेतात, पण ती सोय असलेल्या राउटरवरही ती चालू केलेली आहे का, आणि या जोडणीत ती खरोखर काम करते आहे का, हे बघायला घरचंच माणूस लागतं.

मागच्या डब्यापर्यंत पोचणं

पहिली अडचण इथेच येते. पुढच्या डब्याच्या वायफायवर असताना मागच्या राउटरचं पान बहुधा उघडत नाही, कारण पुढच्या बाजूने येणाऱ्याला मागचा राउटर परका समजतो, आणि ते योग्यच आहे. त्यासाठी मागच्या राउटरच्याच वायफायवर किंवा त्याच्या लॅन पोर्टला केबल लावून बसावं लागतं. उलट दिशेने मात्र वाट मोकळी असते: मागच्या राउटरवर बसून पुढच्या डब्याचंही पान उघडता येतं. त्यामुळे गफलत होते. माणूस समजतो की आपण मागच्या डब्यात आहोत आणि समोर ओएनटीचं पान असतं. काहीही बदलण्याआधी पानावर लिहिलेलं मॉडेलचं नाव आणि डब्याच्या खालचं स्टिकर जुळवून पाहावं.

मागच्या राउटरचा पत्ता त्याच्या स्टिकरवर असतो, किंवा फोनच्या वायफाय माहितीत ‘गेटवे’ म्हणून दिसतो. पत्ता ब्राउझरमध्ये टाइप करताना इंग्रजी आकडे वापरावेत.

दोन्ही डब्यांचा पत्ता एकच असेल, उदाहरणार्थ दोघांचाही १९२.१६८.१.१, तर आतल्या राउटरला आत कोणतं आणि बाहेर कोणतं हेच कळत नाही. नवे राउटर हा गोंधळ ओळखून आपला पत्ता आपणच बदलतात. जुने बदलत नाहीत. नेट अडखळतं आणि अपडेटची चौकशीही बाहेर जात नाही. उपाय सोपा आहे. मागच्या राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये पत्ता १९२.१६८.५०.१ असा काहीतरी वेगळा ठेवायचा.

आणखी एक प्रकार गावोगावी दिसतो. केबल मागच्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये न लावता लॅन पोर्टमध्ये लावलेली असते आणि पत्ते वाटण्याचं त्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, बंद केलेलं असतं. अशा वेळी तो नॅट करत नाही, फक्त वायफाय पुढे पसरवतो. रचना म्हणून हे चांगलंच आहे, दुहेरी वही टळते. पण त्यात एक न दिसणारा दोष राहतो. आपण स्वतः बाहेर जायचं झालं तर कोणत्या दाराने जायचं, हे त्या राउटरला कोणी सांगितलेलंच नसतं. घरातले फोन पुढच्या डब्याकडून पत्ता घेतात आणि सुरळीत चालतात. राउटर मात्र स्वतः इंटरनेटपासून तुटलेला असतो. ‘अपडेट तपासा’ दाबलं की जोडणी नाही असं उत्तर येतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे नवीन आवृत्ती नाही असं उत्तर येतं, आणि मालक निर्धास्त होतो. राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असा तयार पर्याय असेल तर हाताने असं जोडण्यापेक्षा तोच निवडावा. त्या मोडमध्ये राउटर पुढच्या डब्याकडून स्वतःसाठी पत्ता आणि बाहेरची वाट घेतो, आणि अपडेटही तपासू शकतो. मात्र तेव्हा त्याचा स्वतःचा पत्ता बदलतो. तो पुढच्या डब्याच्या पानावर, जोडलेल्या यंत्रांच्या यादीत शोधावा लागतो.

आपोआप अपडेट न चालण्याचं एक कारण घड्याळही असतं. राउटरमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ सहसा नसतं. चालू झाल्यावर तो वेळ इंटरनेटवरून घेतो. ती मिळाली नाही तर त्याच्या लेखी अनेकदा १९७० सालचा १ जानेवारीच चालू असतो. मग उत्पादकाच्या सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र त्याला अवैध वाटतं आणि तो अपडेट नाकारतो. सेटिंगमध्ये तारीख आणि भारतीय वेळ बरोबर आहे ना, एवढं पाहिलं की कित्येकदा काम होतं.

अपडेट कसं करावं

ऑनलाइन अपडेट चालत असेल तर तेच सोपं. नसेल तर फाइलने करावं, आणि फाइलच्या पद्धतीचा इथे एक मोठा फायदा आहे. फाइल एकदा उतरवून घेतली की पुढच्या कामाला इंटरनेट लागत नाही. मागचा राउटर पुढच्या डब्यापासून सोडवून टेबलावर आणता येतो आणि केबलने थेट लॅपटॉपला जोडता येतो. दुसरा राउटर मधे असण्याची सगळी गुंतागुंत तेवढ्यापुरती संपते.

फाइल फक्त उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावी. स्टिकरवर मॉडेलशेजारी हार्डवेअरची आवृत्ती लिहिलेली असते: व्ही १, व्ही २, व्ही ३. नाव एकच असलं तरी आतल्या चिपा वेगळ्या असू शकतात, म्हणून आवृत्ती तंतोतंत जुळलीच पाहिजे. देशानुसारही फाइली वेगळ्या असतात, भारतासाठीची घ्यावी. झिप फाइल असेल तर ती उघडून आतली फाइल वापरावी. उत्पादकाने पडताळणीसाठी एसएचए-२५६ ची अक्षरमाळ दिली असेल तर ती जुळवून पाहावी. मग राउटरच्या पानावरून सध्याच्या सेटिंगचा बॅकअप घ्यावा. वायफायचं नाव, पासवर्ड आणि जोडणीचा प्रकार कागदावरही उतरवून ठेवावा, कारण मोठ्या अपडेटनंतर जुना बॅकअप नव्या आवृत्तीला कधी कधी चालत नाही.

आता सगळ्यात नाजूक भाग. फाइल आधी राउटरच्या तात्पुरत्या मेमरीत येते. तिथे ती याच मॉडेलची आहे का, पूर्ण आहे का, तिच्यावर उत्पादकाची डिजिटल सही आहे का, हे तपासलं जातं. इथपर्यंत केबल निघाली किंवा वायफाय तुटलं तर बहुधा काही बिघडत नाही. अपडेट रद्द होतं, एवढंच. त्यानंतर जुनं फर्मवेअर पुसून नवं फ्लॅशवर लिहिलं जातं. हे काम काही मिनिटांचं असतं, आणि याच मिनिटांत लाईट गेली तर डबा अर्धवट राहतो. महागड्या राउटरमध्ये फर्मवेअरच्या दोन प्रती असतात; एक बिघडली तर दुसरी धावून येते. स्वस्त राउटरच्या छोट्या चिपेत तेवढी जागा नसते.

मराठवाड्यातल्या घरांना हे वेगळं समजावायची गरज नाही. एप्रिल-मेच्या दुपारी वळीव आला की आधी लाईट जाते. म्हणून अपडेट सकाळी, आभाळ स्वच्छ असताना करावं आणि राउटर इन्व्हर्टरवर ठेवावा. इन्व्हर्टरवर ‘नॉर्मल’ आणि ‘यूपीएस’ असं बटण असेल तर ते ‘यूपीएस’वर ठेवावं. त्यामुळे मेन लाईट गेल्यावर बॅटरीकडे वळायला कमी वेळ लागतो आणि राउटर मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होत नाही. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएसही चालतो, फक्त त्याचे व्होल्ट राउटरच्या ॲडॉप्टरशी जुळले पाहिजेत. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट देऊ नयेत. लॅपटॉप पूर्ण चार्ज असावा. घरात इन्व्हर्टर नसेल तर राउटर उचलून तो असलेल्या घरी किंवा दुकानात न्यावा. फाइलच्या पद्धतीने तेही जमतं.

लिहिणं सुरू झाल्यावर पान गोठल्यासारखं दिसलं तरी बटणाला हात लावू नये. दिवे पुन्हा नेहमीसारखे होईपर्यंत थांबावं, दहा मिनिटं लागली तरी. मग पान उघडून आवृत्तीचा आकडा बदलला आहे याची खात्री करावी आणि राउटर पुन्हा आपल्या जागी जोडावा.

एवढं करूनही डबा उठला नाही तर तो लगेच भंगारात देऊ नका. बहुतेक राउटरमध्ये बूटलोडर नावाचा एक छोटा भाग वेगळा ठेवलेला असतो आणि अपडेटमध्ये त्याला सहसा धक्का लागत नाही. रिसेटचं बटण दाबून धरून राउटर चालू केला की तो भाग संगणकाकडून नव्याने फर्मवेअर मागतो. कोणत्या मॉडेलला ते कसं द्यायचं, हे उत्पादकाच्या मदतपानांवर असतं. गावातला संगणक दुरुस्तीवालाही हे करू शकतो.

अपडेटनंतर

नवी आवृत्ती बसली की आणखी काही गोष्टी त्याच बैठकीत उरकाव्यात. सेटिंगच्या पानाचा पासवर्ड वायफायच्या पासवर्डाहून वेगळा ठेवावा. बाहेरून सेटिंग उघडण्याची सोय, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, बंद करावी. बटण दाबून किंवा आकडी पिनने जोडणारी डब्ल्यूपीएस ही सोय बंद करावी. डीएनएसच्या जागी अनोळखी पत्ते नाहीत हे पाहावं. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क द्यावं. मात्र हाताने ॲक्सेस पॉइंट केलेल्या राउटरवर ते वेगळं पडतं का, हे तपासून घ्यावं.

फर्मवेअरलाही वय असतं. काही वर्षांनी उत्पादक एखाद्या मॉडेलचा पाठिंबा थांबवतो आणि मग चूक सापडली तरी दुरुस्ती येत नाही. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने २०२० मध्ये १२७ घरगुती राउटरांचं फर्मवेअर तपासलं. त्यातल्या ४६ राउटरांना आधीच्या वर्षभरात एकही सुरक्षा अपडेट मिळालेलं नव्हतं. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने पाठिंबा संपलेल्या जुन्या राउटरांची यादी देऊन इशारा दिला, कारण गुन्हेगार अशा राउटरांमधून आपली ओळख लपवत होते. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कायदाच आहे: उत्पादकाने सुरक्षा अपडेट किमान किती काळ देणार ते सांगितलं पाहिजे, आणि सगळ्या डब्यांना एकच सोपा पासवर्ड घालून विकता कामा नये. आपल्याकडे राउटर घेताना किंमत आणि अँटेना मोजल्या जातात. त्याच वेळी त्या मॉडेलचं शेवटचं अपडेट कधी आलं, हे उत्पादकाच्या पानावर पाहणं दोन मिनिटांचं काम आहे. शेवटचं अपडेट तीन-चार वर्षांपूर्वीचं असेल तर तो डबा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

काम कोणाच्या नावावर

घरात एक-दोन माणसांनी लक्ष घातलं की हे निभतं. जिथे मागचा डबा सगळ्यांचा असतो तिथे तो कोणाचाच नसतो. आपले सरकार सेवा केंद्रात दिवसभर लोकांचे आधार क्रमांक, सातबारा, बँकेचे तपशील एका राउटरमधून जातात. भारतनेटची जोडणी आलेल्या ग्रामपंचायतीत पुढचं यंत्र योजनेचं असतं आणि त्याला जोडलेला वायफायचा डबा ग्रामपंचायतीने घेतलेला असू शकतो. कोचिंग क्लासमध्ये एका राउटरवर पन्नास मुलांचे फोन असतात. हळदीच्या हंगामात वसमत आणि हिंगोलीच्या बाजारात लाखोंचे व्यवहार आडतीच्या मागच्या खोलीतल्या वायफायवरून होतात. अशा प्रत्येक ठिकाणी राउटरवर एक चिठ्ठी चिकटवावी: मॉडेल, हार्डवेअर आवृत्ती, शेवटचं अपडेट कोणत्या तारखेला, आणि जबाबदार माणसाचं नाव. पासवर्ड तिच्यावर लिहू नये. राउटर बाधित असल्याचा संशय आला तर केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर मोफत साधनं आणि सूचना मिळतात. पैशांची फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितका उशीर होतो तितके पैसे थांबवणं अवघड होत जातं.

लक्षात राहण्यासाठी वर्षातले दोन दिवस ठरवून घ्यावेत: पाडवा आणि दसरा. पाडवा वळीव जोर धरण्याआधी येतो, दसरा पावसाळा सरता-सरता. त्या सुमाराला वीज त्यातल्या त्यात भरवशाची असते. खंडेनवमीला आपण कामाची अवजारं पुसून त्यांची पूजा करतो. ज्या अवजारातून आज घरातले सगळे पैसे, मुलांचा अभ्यास आणि सरकारी कागद जातात, त्याची आवृत्ती तपासणं हाही त्याच पूजेचा भाग मानावा. पुढच्या डब्याची चौकशी कंपनीकडे करता येते. मागच्या डब्याची चौकशी करायला दुसरी कोणतीही जागा नाही, म्हणून ते काम घरातल्या एका माणसाच्या नावावर आजच लिहून टाका.